आंबट बंद

आसेगावच्या समाजमंदिरात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाया सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या, माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती आणि ज्यांना दारातून काही दिसेना त्यांनी खिडकीचे गज धरले होते. समोर टेबलावर काचेचे पेले, पाण्याचा जग, एक तपकिरी बाटली आणि पांढऱ्या भुकटीचा डबा मांडला होता. टेबलामागे पांढरा कोट आणि सोनेरी काडीचा चष्मा घातलेला एक तरतरीत माणूस उभा होता. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही. सगळे त्याला ‘सर’ म्हणत.

"कुणाच्या घरचा डबा आहे का?" सरांनी विचारलं. "मी काही आणलेलं नाही. नाहीतर म्हणाल, साहेबानं आधीच काहीतरी कालवून आणलं. तुमच्या घरचं द्या, तुमच्या हातचं."

डबा बेबीताईंनी दिला. बचत गटाच्या अध्यक्ष म्हणून त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि गटाच्या कामानं दिवसभर बाहेर असल्यामुळे भाकर-वरणाचा डबा त्यांच्या पिशवीत होताच. तो डबा आपण दिला, ही गोष्ट त्या अजून विसरलेल्या नाहीत.

सरांनी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा पेल्यात कुस्करला, पाणी घालून ढवळला, फडक्यातून गाळला. गढूळसं पाणी खाली उतरलं. "हे तुमचं रोजचं जेवण," ते म्हणाले आणि तपकिरी बाटलीतले थेंब त्यात टाकले.

पाणी बघता बघता काळं झालं. नुसतं मळकट नाही, तर दौतीतल्या शाईसारखं निळं-काळं.

"हे टॉक्सिन," सर पेला उंच धरून म्हणाले. "रोज दोन्ही वेळा हे तुमच्या लेकराबाळांच्या रक्तात जातं. हे माझं मत नाही. मी देव मानत नाही, दैव मानत नाही, मी विज्ञान मानतो. डोळ्यांनी पाहा, मगच माना. आणि आता हे पाहा. शुद्धीसार." त्यांनी डब्यातली चिमूटभर भुकटी पेल्यात टाकून चमचा फिरवला. काळं पाणी विरघळल्यासारखं फिकं झालं आणि पुन्हा पहिल्यासारखं दिसू लागलं. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्या हॉलनं वाजवली. बेबीताईंनी सगळ्यांत जोरात वाजवली.

आता कुणी म्हणेल, वस्तीच भोळी होती. मुळीच नव्हती. कपाळाला भस्म फासून, गळ्यात माळा घालून कुणी आला असता तर याच बायांनी त्याला वेशीबाहेर काढला असता. या लोकांच्या आज्या-पणज्यांनी धर्मांतर केलं तेव्हाच देव्हारे उचलले होते, आणि त्याचा अभिमान घराघरात होता. स्वतः बेबीताईंनी काही वर्षांपूर्वी एका भूत उतरवणाऱ्याला पोलिसांच्या हवाली केलं होतं. तो एका तापानं फणफणलेल्या पोरीला कडुनिंबाच्या डहाळीनं झोडपत होता. त्या प्रसंगानं त्यांना वस्तीत जो मान मिळाला तो आजवर टिकून होता.

पण सरांनी भस्म लावलंच नव्हतं. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या तसबिरींना हार घातला, हात जोडून जय भीम म्हटलं आणि मग बुवाबाजीवर असे काही तुटून पडले की म्हातारेसुद्धा माना डोलवायला लागले. वस्ती बुवावर नजर ठेवून बसली होती, आणि बुवा पांढरा कोट घालून त्यांच्याच माईकवरून बुवांना शिव्या देत होता. या लोकांना फसवायचं तर असंच फसवावं लागलं असतं. सरांनी ते बरोबर हेरलं होतं.

मग नियम आले.

"जे काळं होतं ते कमी करायचं. भाकर, भात, वरण दिवसातून एकदाच, तेही बेतानं. बाकीच्या वेळी शुद्धीसार पाण्यातून घ्यायचं. आणि आंबट पूर्ण बंद. लिंबू, आवळा, चिंच, अंबाडी, टमाटर, सगळं. आंबटानं शुद्धीसारचा असर मरतो. गरोदर बायांनी त्या सरकारी लाल गोळ्याही बंद करायच्या. त्या केमिकल आहेत. केमिकल आणि नॅचरल एका पोटात नांदत नाहीत."

"मंग आमी लिंबं काय म्हशीले चारावं?" भिंतीजवळून गोविंदा म्हणाला. बेबीताईंच्या शेजारचा हा शेतकरी, त्याच्या वावराच्या बांधावर लिंबाची झाडं होती. हॉल हसला. सरही हसले.

"काका, विनोद छान आहे. पण काळं पाणी पाहिलंत ना?"

पाहिलं तर गोविंदानंही होतं. त्यानं पुन्हा भिंतीला पाठ टेकली.

पुढच्या रविवारी सरांनी बेबीताईंसाठी एक पांढरा कोट आणला. "ताई, तुमच्यासारखी विज्ञाननिष्ठ बाई माझ्याबरोबर हवी," ते म्हणाले. बेबीताईंनी नऊवारीवर कोट चढवला. सरांनी त्यांना तपकिरी थेंबांची एक छोटी बाटली दिली, घरोघर जाऊन दाखवायला. भुकटीचा डबा मात्र प्रयोगापुरता सर स्वतःजवळ ठेवत; घरी प्यायचे डबे ते विकत देत. बेबीताई घराघरात शिरत, ताटातल्या भाकरीवर थेंब टाकत आणि म्हणत, "मी म्हनते म्हणून मानू नको बाई. तुह्या डोळ्यानं पाह्य." कोटाला चांगले मोठे खिसे होते. लोक त्यांना ‘मॅडम’ म्हणायला लागले होते, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना ते आवडत होतं.

घरी त्यांची सून सपना गरोदर होती. सपना कारंज्याची, बारावी सायन्स झालेली, स्वभावानं कमी बोलणारी. मुलगा उत्कर्ष वाशीमला एका कचेरीत होता. सकाळी मोटरसायकलला किक मारून जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. त्यामुळे घराचं ताट कसं असावं हे ठरवणारी एकच बाई होती, आणि ती सरांची सर्वांत आवडती शिष्या होती.

तुरीला शेंगा धरल्या होत्या. दरवर्षी या दिवसांत बेबीताईंच्या घरी कोवळ्या तुरीच्या दाण्यांचे वांगे-सोले शिजत, ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी होई, जेवताना ताटाच्या कडेला लिंबाची फोड असेच. यंदा चूल जवळजवळ गार होती. सकाळी शुद्धीसारचा पेला, दुपारी अर्धी भाकर, रात्री पुन्हा पेला. सपना डोळे मिटून तो गोडमिट्ट पेला रिता करी.

एके दिवशी तांड्यावरची नानीबाई टोपली घेऊन दारात आली. अंबाडीच्या जुड्या होत्या, आवळे होते.

"बेबीताई, अंबाडी घे ना, कवळी हाये. सूनबाईले आता आंबट लागत असन."

"नको नानीबाई. आमच्या घरी आंबट बंद हाये."

"कोनाच्या घरी आंबट बंद राह्यते व?" नानीबाई चकित झाली. तोवर सपना उंबऱ्यापर्यंत आली होती. तिनं वाकून टोपलीतला एक आवळा उचलला होता, आणि तो ती नुसता हातात फिरवून पाहत होती. बेबीताईंनी तिच्या हातातून आवळा काढला आणि टोपलीत टाकला.

नानीबाई गेल्यावर सपना म्हणाली, "आत्या, आंबटानं नेमकं काय होते?"

"असर मरते."

"पन कसा मरते? काहून मरते?"

"सपना, दोन बुकं जास्त शिकली म्हणून सरायपेक्षा शहानी झाली का तू? सारं गाव डोळ्यानं पाहून राह्यलं, अन् तुले घरात बसून शंका."

सपना आत गेली. त्या दिवसानंतर तिनं काही विचारलं नाही. बेबीताईंना वाटलं, पोरीला पटलं.

पटलं नव्हतं, आणि उपासमार तिच्या अंगावर दिसायला लागली. ओठ फिके पडले. न्हाणीघरातून घरात येईपर्यंत तिला दम लागायचा. ती गुपचूप भिंतीची माती खरवडून खाते, हे बेबीताईंना दिसलं, पण डोहाळे म्हणून त्यांनी सोडून दिलं. मनात कुठेतरी टोचलं तेव्हा त्यांनी सरांना फोन केला. "उत्तम लक्षण आहे, ताई," सर म्हणाले. "आतलं विष बाहेर पडतंय. आधी अशक्तपणा येतो, मग तेज येतं." हे उत्तर असं होतं की पोरगी सुधारली तरी सर खरे आणि खंगली तरी सर खरे. बेबीताईंनी हा विचार तेव्हा केला नाही. भूत उतरवणारा तो माणूसही असंच बोलत होता, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग एका सकाळी सपना दोरीवरचे कपडे काढता काढता अंगणात कोसळली.

गोविंदानं गाडी काढली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर रीता राठोड होत्या. त्यांनी सपनाच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त तपासायला दिलं. निकाल आला तेव्हा त्या बेबीताईंसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आई, हिमोग्लोबिन सहा आहे. सहा म्हणजे असायला पाहिजे त्याच्या निम्मं. बाळाची वाढही मागे पडली आहे. ही घरी काय खाते?"

बेबीताई माईकवर कितीही वेळ बोलू शकत. तिथे त्यांनी नुसतं उत्कर्षकडे पाहिलं. तो वाशीमहून धावत आला होता आणि त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

खाटेवरून सपना म्हणाली, "मलेच जेवन जात नव्हतं, मॅडम."

ते ऐकून बेबीताईंना भुईनं पोटात घ्यावं असं झालं. पोरगी धापा टाकत होती, आणि त्या धापेतही सासूची अब्रू झाकत होती.

"लाल गोळ्याही बंद केलेल्या दिसतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्या पुन्हा सुरू करायच्या. या दिवसांत नुसत्या जेवणावर भागत नाही. पण गोळी काही जेवणाची जागा घेत नाही, आणि डब्यातली पावडर तर नाहीच. मी रक्तवाढीची सलाईन लावते. तुम्ही घरून डबा आणा. भाकर, घट्ट वरण, पालेभाजी, उकडलेलं अंडं. मधल्या वेळेला गूळ-शेंगदाणे. आणि वरणावर लिंबू पिळा."

"आंबट चालते?" बेबीताईंनी विचारलं.

"चालते काय, पाहिजेच. भाजीत आणि डाळीत लोह असतं, पण ते अंगी लागायला सोबत लिंबू, आवळा, असं काहीतरी हवं. आपल्याकडे वरणावर लिंबू पिळतात ते काही नुसतं चवीसाठी नाही, आई. तुमच्या घरी पिळत नाहीत का?"

बेबीताई उठल्या आणि एसटी पकडून घरी आल्या.

त्यांनी मागितल्यावर गोविंदानं बांधावरची लिंबं आणून ओट्यावर ठेवली. बेबीताईंनी भाकरी थापल्या, वरण घोटलं, चवळीचा पाला फोडणीला टाकला. डबा भरता भरता सवयीनं त्यांचा हात त्या तपकिरी बाटलीकडे गेला. वाटीत थोडं वरण-भाकरीचं पाणी घेऊन त्यांनी थेंब टाकले. काळं झालं.

त्या घाबरल्या. एकीकडे डॉक्टर म्हणते हेच खाऊ घाला, आणि वाटीत तर विष दिसतंय. आता काय करावं? फडताळात सपनाचा शुद्धीसारचा डबा होता, सरांकडून घेतलेला. त्यांनी त्यातला चमचाभर वाटीत टाकून ढवळला. पाणी काळंच राहिलं. आणखी एक चमचा टाकला, तरी काळंच. इतक्या दिवसांत त्यांनी कधी विकत घेतलेल्या डब्यातली भुकटी पाण्यात टाकून पाहिली नव्हती. हॉलमध्ये सरांचा डबा वापरायचा आणि घरी नुसतं प्यायचं, अशीच रीत पडली होती.

त्यांनी दुसऱ्या वाटीत पुन्हा काळं पाणी केलं, डॉक्टरांचं वाक्य आठवून लिंबू अर्धं चिरलं आणि वाटीत पिळलं. काळेपणा फाटायला लागला. राहिलेला रस पडला तसं पाणी स्वच्छ झालं.

आंबट काहून बंद होतं, ते त्यांना आता कळलं. एखाद्या घरी ताटात लिंबाची फोड असती आणि थेंब टाकलेल्या भाकरीवर कुणी ती सहज पिळली असती, तर सरांचं दुकान त्याच दिवशी उठलं असतं. एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी, सगळ्या वस्तीतलं लिंबू बंद झालं होतं. सपनानं ‘काहून’ म्हणून विचारलं होतं, तो प्रश्न नेमका तिथंच जाऊन पोचणारा होता. आणि तो आपण पोरीच्या तोंडातच कोंबला, हे आठवून त्यांना तिथंच रडू कोसळलं.

दवाखान्यात त्यांनी सपनाला डबा दिला आणि बाटली पदराआडून काढली. सपनानं झाकण उघडून वास घेतला.

"आयोडीन हाये, आत्या. जखमेले लावतात थे. पानी टाकून पातळ केलं. आमच्या प्रॅक्टिकलले होतं. भाकर, भात, बटाटा, जे पिठूळ असन त्याले आयोडीन लागलं की थे निळं-काळं होते. त्यात इख नायी काही. लिंबातलं, आवळ्यातलं क जीवनसत्त्व त्या आयोडीनचा रंग घालवते. बस, एवढंच हाये."

"तुले माह्यत होतं?"

सपनानं मान डोलावली. "काळं काहून होते थे पह्यल्याच दिवशी कळलं होतं. भुकटीचं मंग ध्यानात आलं."

"अन् तू बोलली नायी? सपना, तुह्या पोटात लेकरू हाये."

"इचारलं होतं, आत्या. आंबट काहून बंद हाये म्हणून. तुमी काय म्हनल्या, याद हाये ना?" तिनं डब्याकडे पाहत सांगितलं, रागानं नाही. "त्याच्यावर काय बोलू? तुमी कोट घालून साऱ्या लोकायसमोर उभ्या होत्या. मी कालची आलेली. तुमाले हॉलमधे खोटं पाडू का? मले वाटलं, थोडे दिवस पेते, मंग तुमीच सोडून द्याल. आपलं अंग एवढं लवकर खचन, असं नोतं वाटलं."

बेबीताईंना तिला जवळ घ्यायचं होतं. पण घ्यायचा अधिकार आपल्याला उरला आहे का, हे त्यांना कळेना. त्या तिच्या पायाशी बसून राहिल्या.

रविवारी हॉल पुन्हा भरला. बेबीताईंनी कोट घातला, नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. सरांनी कुणाच्या तरी घरची भाकर मागून घेतली, कुस्करली, गाळली, थेंब टाकले. सगळं काळं झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे आपल्या डब्याकडे हात नेला.

"सर, आज मी टाकू?" बेबीताई म्हणाल्या.

"अर्थात. ताई तर आपल्याच आहेत."

बेबीताईंनी सरांचा डबा बाजूला सारला, पिशवीतून सपनाचा डबा काढला आणि त्यातला चमचा पेल्यात टाकला. ढवळलं. पाणी काळंच राहिलं. पुन्हा टाकला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"हा डबा दमट झाला असावा," सर घाईनं म्हणाले. "शुद्धीसार सेल लेव्हलला काम करतं, हवा लागली की त्याची फ्रिक्वेन्सी उतरते."

"मंग माह्या घरचा आना," एक बाई म्हणाली. "कालच फोडला." तिचा डबा आला. पाणी काळंच. आणखी एकीचा आला. त्याचीही फ्रिक्वेन्सी उतरलेली निघाली.

मग बेबीताईंनी लिंबाची फोड काढली आणि पेल्यावर पिळली. सगळ्या हॉलच्या देखत पाण्याचा काळेपणा फिटला.

"पाहा, पाहा," सर म्हणाले, आणि त्यांच्या हुशारीला खरंच दाद दिली पाहिजे, "हेच तर मी सांगतोय. निसर्गात जे आहे तेच शुद्धीसारमध्ये आहे. लिंबाचं तत्त्व आम्ही शंभरपट..."

"मंग माहा बांधच घ्या ना इकत," गोविंदा उठून पुढे आला. "अन् आंबटानं तं असर मरत होता ना, सर? हा आता जित्ता कसा झाला?" त्यानं सरांच्या प्रयोगाच्या डब्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याचं तोंड असं वाकडं झालं की पुढची पोरं हसायला लागली. "आंबट हाये बावा. लिंबापेक्षा आंबट. आमाले गोड पाजून राह्यला, अन् याच्याजवळचं आंबट."

डबा हातोहात फिरला. ज्यानं त्यानं चाखला, ज्याचं त्याचं तोंड वाकडं झालं. प्रयोगाचा डबा वेगळा आणि विकायचा वेगळा, हे लहान पोरालाही कळलं. प्रयोगाच्या डब्यात क जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्या कुटलेल्या होत्या, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात त्या. विकायच्या डब्यात पिठीसाखर आणि कसलंसं पीठ. सर दाराकडे सरकले, पण दारात बाया बसल्या होत्या आणि त्यांना उठायची मुळीच घाई नव्हती. पोलीस येईपर्यंत सरांना तसबिरींखाली बसायला खुर्ची दिली.

लोक बेबीताईंसाठी टाळ्या वाजवायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं. कोट काढला.

"टाळ्या नका वाजवू. यानं फसवलं, खरं हाये. पन तुमच्या घरात येऊन थेंब मी टाकले. माह्या घरात सून अन् लेकरू मरता मरता राह्यलं, थे माह्या हातानं. मी तुमाले म्हनत होते, डोळ्यानं पाह्य अन् मान. डोळ्यानं पाह्यनं पुरत नायी. जे पाह्यलं थे काहून झालं, हे इचारा लागते. अन् त्याचं उत्तर द्याले जो नाही म्हनते, त्याच्याजवळून काहीच घेऊ नये. भाकर काळी होते कारन तिच्यात पीठ हाये. पीठ इख नसते. घरी जा, भाकर करा, वरन करा, पाला शिजवा, वरून लिंबू पिळा. गरोदर पोरीयले लाल गोळ्या सुरू करा. अन् काही शंका असन तं डॉक्टरले इचारा, मले नका इचारू."

मागून एक तरुण बाई उभी राहिली. तिच्या कडेवर लेकरू होतं, मान टाकून झोपलेलं. "ताई, याले मी लिंबू, संत्र काहीच नायी देल्लं. तुमी सांगतलं म्हणून."

बेबीताईंनी लेकराला हातात घेतलं आणि तिला घेऊन सरळ तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. पुढचे कित्येक दिवस त्या ज्या ज्या घरी थेंब टाकले होते त्या त्या घरी जाऊन आल्या. कुणी चहा दिला. कुणी दार लोटून घेतलं. दार लोटणाऱ्यांबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

सपनाला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. वजन कमी भरलं. बरेच दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, आणि बेबीताई पेटीसमोरच्या बाकावरून हलल्या नाहीत. पोरगी दूध ओढायला लागली, तेव्हा डॉक्टर रीता म्हणाल्या, आता घरी न्या.

घरी आल्यावर बेबीताई खाटेजवळ ताट घेऊन आल्या. ताट ठेवून त्या तिथंच खाली बसल्या. "सपना, मले माफ कर."

सपनानं लेकीवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आत्या, एक इचारू?"

"इचार."

"ही वाचली नसती, तं तुमी कोनाले दोष देल्ला असता?"

बेबीताईंच्या ओठावर ‘मलेच’ हा शब्द आला होता. तो सोपा होता, आणि खोटा होता. त्या दवाखान्यात डॉक्टर ‘ही काय खाते’ म्हणाल्या तेव्हा पहिल्यांदा आपल्या मनात काय आलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोरीनं आतून चोरून काही आंबट खाल्लं असेल, हेच आलं होतं.

"तुले," त्या म्हणाल्या.

सपनानं मान डोलावली. तिला ते आधीच माहीत असावं. "मंग आता या घरात कोनी काही इचारलं तं त्याले शहानपना म्हनू नका. ही बोलाले लागली की लय इचारन."

"इचारू दे," बेबीताई म्हणाल्या. "येत असन तं सांगीन. नसन येत तं येत नायी म्हनीन."

सपनानं ताट ओढून घेतलं आणि जेवायला बसली. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही, आणि बेबीताईंनी पुन्हा विचारलं नाही.